लघु-गुरूच्या पेन्सिलखुणांबद्दल आभार, बाई

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

घरचं, नोकरीचं सांभाळून निव्वळ हौसेनं लिहिणाऱ्या आमच्या गटाला तुम्ही छंद-वृत्तं शिकवलीत, त्याबद्दल हे जाहीर आभार. वही तपासताना तुमची पेन्सिल फक्त अडखळणाऱ्या अक्षराखाली थांबायची. हाच विषय का, हे कुठे पाठवणार, असं काही तुम्ही कधी विचारलं नाहीत. वृत्तवाल्यांत हा संयम दुर्मीळच!

सुरुवात मोठ्या अभंगापासून केलीत ते फार बरं झालं. तिथे अक्षरं मोजायची, मात्रा (म्हणजे उच्चाराची लांबी) नाहीत. चार चरणांत ६-६-६-४ अक्षरं, यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला, जोडाक्षर एकच धरायचं. एवढ्या भांडवलावर कुणालाही पहिल्याच बैठकीत लिहिता येतं:

गॅसवर दूध । उतू गेले तरी ।
ओळ राहो खरी । वहीमध्ये ॥

भुजंगप्रयात हे वृत्त मात्र घाम काढतं. 'लगागा', म्हणजे लघु-गुरू-गुरू, चार वेळा; लघु अक्षराची एक मात्रा, गुरूच्या दोन, म्हणजे १२ अक्षरं, २० मात्रा. 'नको छापणे हे, नको नाव माझे' ही ओळ बिनतक्रार चालते. 'नको पुस्तक हे' म्हटलं की अडते, कारण गुरू हवा तिथे लघु 'क' येतो. मग नवखा माणूस 'पुस्तका' असं ताणून बघतो. तुम्ही शब्द ताणू दिला नाहीत, वाक्य फिरवायला लावलंत: 'नको पुस्तके ही'. झालं काम.

आघाताचंही, म्हणजे जोडाक्षराच्या मागच्या अक्षरावर पडणाऱ्या जोराचंही तसंच. 'पुस्तक'मधला 'पु' ऱ्हस्व असूनही 'स्त'मुळे गुरू होतो, पण 'पुन्हा'मधला लघुच राहतो, कारण 'न्हा'चा जोर मागच्या अक्षरावर पडत नाही. 'तुम्ही'चा 'तु' आणि 'दुसऱ्या'चा 'स'ही तसेच. कागदावर मोजून इथे हमखास फसगत होते. मोठ्यानं म्हटलं की कानाला कळतं.

भरीच्या 'हो', 'गे', 'ते'वर तुमचा राग होता आणि तो रास्तच होता. मात्रा भरतात, पण ओळ पोकळ होते. अशा वेळी तुम्ही वृत्त सोडायला सांगत होतात, आपलं म्हणणं सोडायला नाही. वृत्त सोडणं म्हणजे हार मानणं नव्हे, हे पटवायला तुम्ही कवी अनिलांचा दाखला द्यायचात. त्यांनी मुक्तछंद रुजवला आणि पुढे दशपदी हा दहा ओळींचा बंध स्वतःच घडवला. जात्यावर ओव्या रचणाऱ्या बायांना तर ना संपादक होता ना मानधन, तरी रचना थांबली नाही. लिहिण्यातली मजा कुणाच्या पसंतीवर टांगून ठेवायची नसते, हे आम्हाला या दोन दाखल्यांतून जितकं कळलं तितकं कुठल्या व्याख्यानातून कळलं नसतं.

तुमच्या टाचणांच्या झेरॉक्स नव्या मंडळींना वाटतो आहोत. परवानगी गृहीत धरली आहे. आघाताच्या पानावरची शाई पुसट आली आहे, तेवढं पान पुन्हा लिहून द्याल का?

आपले,
गटातले सगळे