'चांगला फिल्टर' म्हणजे नक्की कुठला?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत घरच्या मरीन टँकवरचा, म्हणजे समुद्री माशांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीवरचा लेख वाचला. फोटो झकास, माशांची माहितीही बरी, पण अख्ख्या पानात फिल्टरबद्दल एकच वाक्य, की दुकानदाराकडून चांगला फिल्टर बसवून घ्या. अहो, खाऱ्या पाण्याच्या टँकचं सगळं घोडं तिथेच तर अडतं! बाजारात जाऊन नुसतं 'चांगला फिल्टर द्या' म्हटलं तर बहुतेक वेळा गोल्डफिशच्या टँकला लावतात तोच कॅनिस्टर, म्हणजे बंद डब्याचा फिल्टर, हातात पडतो आणि वर ऐकायला मिळतं, सॉल्टला पण चालतो दादा.

चालतो, नाही असं नाही. पण त्यात अडकलेली घाण शेवटी टँकच्याच पाण्यात कुजत असते, आठवड्या-पंधरवड्याला उघडून धुतला नाही की घाण कुजून शेवटी तयार होणारा नायट्रेट पाण्यात चढायला लागतो, आणि दर आठवड्याला कॅनिस्टर उघडणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. म्हणून खाऱ्या पाण्यात पहिला खर्च प्रोटीन स्किमरवर करायचा. त्यात एकदम बारीक बुडबुडे सोडतात, विरघळलेली घाण त्यांना चिकटून वर येते आणि फेसाबरोबर कपात जमा होते, म्हणजे ती कुजून अमोनिया व्हायच्या आधीच बाहेर. पावसाळ्यात जुहूच्या किनाऱ्यावर पिवळट फेस येतो ना, साधारण तोच प्रकार. गोड्या पाण्यात एवढे बारीक बुडबुडे टिकत नाहीत म्हणून तिकडच्या लोकांना स्किमर माहीतच नसतो. खोक्यावर '३०० लिटरपर्यंत' लिहिलेलं असेल तर ते मोजक्या माशांसाठी धरा, मासे जास्त ठेवणार असाल तर एक साईझ मोठा घ्या.

आता पंप, यात सगळ्यात जास्त गल्लत होते. टँकखालच्या कपाटात जो संप, म्हणजे फिल्टरची छोटी टाकी, असतो त्यातून पाणी वर चढवणारा तो रिटर्न पंप, आणि टँकच्या आत पाणी हलवणारा तो वेव्हमेकर. दोघांची कामं वेगळी. रिटर्नमधून टँकच्या तीन ते पाच पट पाणी तासाला फिरलं तरी पुष्कळ, आतला प्रवाह मात्र नुसते मासे असतील तरी दहा-वीस पट लागतो. म्हणजे २०० लिटरच्या टँकला रिटर्नचे ८००-१००० लिटर पुरे आणि वेव्हमेकर ३०००-४००० लिटरचा, शक्यतो एकाऐवजी दोन छोटे समोरासमोर, म्हणजे दगडांमागे घाण साचत नाही.

आणि हे रिटर्नचे ८००-१००० लिटर वर पोचल्यावरचे बरं का, खोक्यावरचे नाही! खोक्यावर २००० लिटर पर अवर लिहिलेलं असतं ते शून्य उंचीचं. शेजारी एच मॅक्स २ मीटर असं असतं, लोकांना वाटतं दोन मीटरपर्यंत मस्त चढवेल, तर तसं नाही, दोन मीटरवर त्याचं पाणी थांबतं. संपातल्या पाण्यापासून टँकच्या वरपर्यंत चार फूट उंची सहज होते, त्यात पाईपची दोन-तीन वळणं, म्हणजे निम्म्याच्याही खाली आलात. चांगल्या कंपन्या किती उंचीवर किती पाणी याचा आलेख देतात, तो मागून घ्या, नसेल तर दुसरा पंप बघा. आणि पंपाचं पातं फिरतं तो शाफ्ट (दांडा) सिरॅमिकचा आहे का विचारा, मिठाच्या पाण्यात साधी धातू गंजते.

लाईट गेल्यावर काय होतं तेही लेखात नाही, आणि महाराष्ट्रात लाईट जाणार नाही असं कोण सांगेल? पंप बंद पडला की रिटर्नच्या पाईपमधून पाणी उलटं खाली यायला लागतं आणि टँकच्या पाण्यात बुडालेलं पाईपचं तोंड उघडं पडेपर्यंत येत राहतं. ९० बाय ४५ सेंटिमीटरच्या टँकमध्ये पाणी एक सेंटिमीटर उतरलं की चार लिटर, तोंड पाच सेंटिमीटर खोल असेल तर वीस लिटर, संपात तेवढी जागा नसेल तर ते तुमच्या फरशीवर आणि मग खालच्या मजल्यावाल्यांच्या छतावर. मासे आणायच्या आधी मुद्दाम स्विच बंद करून बघायचं. पाणी उलटं येऊ न देणाऱ्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर भरवसा नको, मीठ-शेवाळ जमून तो अडकतो. लाईट नसताना माशांना हवा मिळावी म्हणून बॅटरीवर चालणारा एअर पंप मात्र घरात हवाच.

शेवटचं, फोटोत जिवंत कोरल (प्रवाळ) दिसतंय. परदेशी व्हिडिओत लाईव्ह रॉक, म्हणजे बॅक्टेरिया वसलेला प्रवाळाचा दगड, हाच मुख्य फिल्टर म्हणून सांगतात, पण आपल्याकडे कठीण कोरल २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत आणि आपल्या समुद्रातल्या रीफमधून फोडून आणलेला दगड म्हणजे शेवटी कोरलच. त्याची गरजही नाही, संपात सिरॅमिक मीडिया, म्हणजे सच्छिद्र तुकडे, भरा, त्यात अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया वसायला चार ते सहा आठवडे द्या, अमोनिया आणि नायट्राईट शून्य आले की मगच मासे, तेही शक्यतो हॅचरीतले, म्हणजे पैदास केंद्रातले. क्लाऊनफिशची पैदास कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने कधीच करून दाखवलीय.

पुढच्या वेळी माशांचे फोटो जरूर छापा, पण एक फोटो टँकखालच्या कपाटाचं दार उघडून काढलेला पण टाका.

आपला,
एक वाचक, ठाणे