नेम आपोआप लागत नाही

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत लांब पल्ल्याच्या नेमबाजीसाठी सेमी-ऑटोमॅटिक (म्हणजे चाप ओढला की एक गोळी सुटून पुढचे काडतूस आपोआप चढणारी) रायफल कशी निवडावी, यावर अर्धे पान मजकूर आला होता. सोमवारी सकाळीच आमच्या गल्लीतली दोन पोरे ते पान घडी घालून माझ्याकडे आली. "मेजर, यातली कुठली घ्यावी?" (मी हवालदार म्हणून निवृत्त झालो, पण आपल्याकडे फौजेतून परतलेला प्रत्येक जण मेजरच असतो.) मी बावीस वर्षे सैन्यात आर्मरर होतो. इतरांनी चालवून बिघडवलेल्या रायफली दुरुस्त करणे हे माझे काम. निवृत्तीनंतर काही वर्षे बँकेच्या दारात बारा बोअरची दुनळी घेऊन बसलो. पोरांना उत्तर द्यायला तासभर लागला. तेच इथे लिहितो आहे.

लेखात 'अचूक आणि भरवशाची' हे दोन शब्द जोडीने आले आहेत. सेमी-ऑटोमॅटिकच्या घरात या दोघी सवती आहेत, हे मात्र कुठे आले नाही.

आमच्या काळची एसएलआर, म्हणजे फौजेची सेल्फ-लोडिंग रायफल घ्या. ७.६२ मिलिमीटर बोअरची, वीस काडतुसांच्या मॅगझिनची (काडतुसे भरायच्या डबीची), चाप एकदा ओढला की एक गोळी. गोळी नळीतून जात असताना मागच्या गॅसचा थोडा भाग नळीवरच्या छिद्रातून वर जातो आणि पिस्टनला धक्का देतो. त्याने नळी मागून बंद करणारा बोल्ट मागे सरकतो, रिकामी पुंगळी बाहेर फेकतो आणि परत येताना मॅगझिनमधले नवे काडतूस ढकलत आणतो. हे सगळे वाळूत, चिखलात, बर्फात बिनबोभाट व्हायचे तर सुट्या भागांत मोकळीक ठेवावीच लागते. चेंबर, म्हणजे नळीत काडतूस बसते ते घर, किंचित सैल हवे, नाहीतर मळलेले काडतूस अडकते. ही मोकळीक लढाईत जीव वाचवते आणि टार्गेटवर गुण खाते. त्यात एसएलआरची मागची साईट (नेम धरायची खूण) खालच्या भागावर, नळी वरच्या भागात, आणि दोन्ही भाग बिजागरीने जोडलेले. तो जोड झिजला की साईट बघते एकीकडे आणि नळी दुसरीकडे. फायरिंगहून आलेला जवान कळवळून सांगायचा, "उस्ताद, शिस्त दुरुस्त थी." (फौजेत शिस्त म्हणजे नेम.) त्याचे खोटे नसायचे.

परदेशात स्पर्धेसाठी घडवलेली सेमी-ऑटोमॅटिक याच्या उलट बाजूने येते. नळी जाड, पुढच्या मुठीला कुठेही न टेकणारी, म्हणजे हाताचा किंवा पट्ट्याचा दाब नळीवर येत नाही. चेंबर घट्ट, चाप हलका पण स्वच्छ सुटणारा. अशी रायफल कागदाला एकाच जागी भोके पाडते, पण दोनशे गोळ्यांनंतर साफसफाई चुकवली तर रुसते. मग मालक रायफलीला शिव्या घालतो. माझ्या अनुभवात अडकणाऱ्या रायफलींपैकी बहुतेकींचा दोष रायफलीत नसायचाच. मॅगझिनच्या तोंडाचे पत्र्याचे ओठ जरासे वाकलेले असायचे. कोणीतरी ते आपटलेले असते आणि कबूल कोणी करत नाही. एक मॅगझिन बदलून पाहा, मग आर्मररकडे या, असे मी नव्या पोरांना सांगायचो.

लेखात एका रायफलीची अचूकता 'एक मिनिट' अशी दिली आहे, पण मिनिट म्हणजे काय ते सांगितलेले नाही. वाचकाला वाटेल घड्याळाचे. हा अंशाचा साठावा भाग. १०० मीटरवर त्याची रुंदी सुमारे २.९ सेंटीमीटर भरते, ३०० मीटरवर पावणेनऊच्या आसपास. आंतरराष्ट्रीय ३०० मीटर टार्गेटवर दहा गुणांचे वर्तुळ १० सेंटीमीटरचे असते, आमटीच्या वाटीच्या तोंडाएवढे. म्हणजे एका मिनिटाची रायफल त्यात जेमतेम मावते आणि दोन मिनिटांची असेल तर माणूस कितीही निश्चल पडून राहिला तरी काही गोळ्या बाहेर जाणारच. म्हणून विकणारा 'एक मिनिट' म्हणाला की विचारायचे, किती गोळ्यांचा ग्रुप, म्हणजे किती गोळ्यांची भोके मिळून मोजलेले? तीन गोळ्या कुणाच्याही एकत्र पडतात. दहा गोळ्या सलग मारा, नळी तापू द्या, मग मोजा. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये हे जास्त महत्त्वाचे, कारण ती भराभर मारण्याचा मोह घालते आणि तापलेल्या नळीची गोळी पडायची जागा सरकते.

काडतुसांबद्दल लेखात एकच ओळ आहे. खरे तर तिथूनच सुरुवात करायला हवी होती. एकाच कंपनीचे, एकाच नावाचे, पण वेगळ्या लॉटचे (कारखान्यातल्या वेगळ्या खेपेचे) काडतूस त्याच रायफलीत वेगळे वागते. पॉइंट टू टूचे (.२२ बोअरच्या रायफलीचे) मोठे नेमबाज रायफल शिकंज्यात पकडून लॉटमागून लॉट मारून पाहतात आणि जमला तो लॉट साठवून ठेवतात. आणि ऊन! आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार असतो. उन्हात तापलेल्या काडतुसातली दारू जास्त जोराने जळते, वेग वाढतो, गोळी वर लागते. आम्ही पेटी झाडाखाली ओल्या पोत्याने झाकायचो. वाऱ्याचे तर विचारूच नका. ६०० मीटरवर साधा आडवा वारा ७.६२ च्या गोळीला अर्ध्या मीटरहून जास्त ढकलतो. आमच्या सोलापूरजवळच्या होटगीच्या माळावर उभे राहून पाहा, तिथे वारा एका दिशेने कधी वाहतो का!

आता गंमत सांगतो. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या कॅम्प पेरी इथे १९०७ पासून राष्ट्रीय सामने भरतात. तिथे २००, ३०० आणि ६०० यार्डांवर सेमी-ऑटोमॅटिक सर्व्हिस (फौजी धाटणीच्या) रायफलींची स्पर्धा असते आणि आपल्या लेखकाचा आदर्श बहुधा तीच आहे. आज तिथे ५.५६ च्या रायफली चालतात, नळीतला पीळ सात-आठ इंचांत एक फेरा घेणारा, म्हणजे जड गोळीही स्थिर फिरते. जवळच्या अंतरांवर ७७ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे माप) गोळी मॅगझिनमधून जाते. पण ६०० यार्डांसाठी बरेच जण ८० ग्रेनची लांब गोळी भरतात. तिचे काडतूस मॅगझिनमध्ये मावत नाही. मग ही मंडळी काय करतात? एकेक काडतूस हाताने चेंबरमध्ये सोडतात. म्हणजे पल्ला लांबला की सेमी-ऑटोमॅटिकवालाही ती एकेक काडतूस भरायच्या बंदुकीसारखी वापरतो.

ऑलिम्पिकमध्येही तेच. ५० मीटर रायफलीत काडतूस प्रत्येक वेळी हाताने घालायचे. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसला कांस्यपदक घेतले ते गुडघ्यावर, झोपून आणि उभे राहून एकेक गोळी भरत, ४५१.४ गुण जमवून. तो मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता, म्हणून आमच्या रेल्वे वसाहतीत त्या दिवशी दिवाळी होती. त्या टार्गेटचा दहाचा ठिपका १०.४ मिलिमीटर, शर्टाच्या बटणाएवढा. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेत्या झाल्या, त्याही ५० मीटर झोपून मारण्याच्या प्रकारात. सेमी-ऑटोमॅटिक ऑलिम्पिकमध्ये आहे, पण ती पिस्तुलात, २५ मीटरवर, जिथे पाच गोळ्या आठ, सहा आणि शेवटी चार सेकंदांत मारायच्या असतात. लंडनला २०१२ मध्ये आपल्या फौजेच्या विजय कुमारने त्यात रौप्य आणले. वेग जिथे मोजला जातो तिथे ते यंत्र शोभते.

आणि आता जे लेखात सगळ्यात आधी यायला हवे होते ते. आपल्या देशात सेमी-ऑटोमॅटिक रायफल साध्या परवान्यावर मिळत नाही. सोलापूर शहरात पोलीस आयुक्त आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकारी शस्त्रपरवाना देतात, पण तो वेगळ्या वर्गातल्या शस्त्रांचा. सेमी-ऑटोमॅटिक आणि सैन्याचे ७.६२ किंवा .३०३ काडतूस चालणाऱ्या रायफली त्यांच्या हातात नाहीत. ती वाट दिल्लीला गृहमंत्रालयाकडे जाते आणि हौशी पोरासाठी ती बंदच समजा. हे न सांगता नावे आणि चित्रे छापली की पोरे भलत्या ठिकाणी चौकशा करतात. माझ्याकडे आलेल्यांपैकी एकाने, "कुठून तरी जुनी मिळेल का," असे विचारलेच होते. त्याला मी जे ऐकवले ते इथे छापण्यासारखे नाही.

त्यांना मी एअर रायफल सांगितली. ४.५ मिलिमीटर बोअरची आणि २० ज्यूलपर्यंत ताकदीची असेल तर २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवाना लागत नाही, ओळखीची आणि वयाची कागदपत्रे मात्र दुकानात द्यावी लागतात. स्पर्धेची रायफल याहून पुष्कळ कमी ताकदीची असते. छर्रा मालदांडी ज्वारीच्या टपोऱ्या दाण्याएवढा आणि दहा मीटरवरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, खसखशीहूनही लहान. दस्त्याची (खांद्याला टेकणाऱ्या मागच्या भागाची) लांबी हाताला आणि गालपट्टी डोळ्याला जुळते का, ते आधी पाहावे. उधारीच्या कोटासारखी दुसऱ्याची रायफल अंगाला लागत नाही. पन्नास मीटरचा टप्पा नंतर येतो आणि माझ्या माहितीतली पोरे त्यासाठी पुण्याला बालेवाडीच्या रेंजवर जातात. पहाटेची गाडी, रायफलीची पेटी, रात्री परत. जिल्ह्यात ५० मीटरची, सगळ्या शाळांच्या मुलांना खुली अशी रेंज कधी आणि कुठे होईल, यावर आपण अर्धे पान छापलेत तर मी कात्रण काढून ठेवीन.

एक राहिलेच. लेखासोबत जे छायाचित्र छापले आहे, त्यातला हसरा तरुण रायफल मांडीवर घेऊन बसला आहे, बोट थेट चापावर आणि नळीचे तोंड छायाचित्रकाराच्या पोटाकडे. फौजेत अशा पोझला त्याच जागी मैदानाचे चार चक्कर होते. पुढच्या वेळी तेवढा फोटो तरी बदला.

आपला,
एक निवृत्त आर्मरर
विजापूर रोड, सोलापूर