रात्री दोन वाजता येऊन तपासणी करा : आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

मा. आरोग्यमंत्री,

सविनय नमस्कार.

वृद्ध आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसांना सांभाळणारी निवासी शुश्रूषा केंद्रं तपासायची असतील, तर आपले निरीक्षक रात्री दोन वाजता पाठवा. ते येणार आहेत याचा केंद्रात कोणालाही पत्ता लागू देऊ नका. या एका मागणीसाठी हे पत्र लिहिते आहे.

मी परिचारिका आहे. नोकरीतली बरीच वर्षं अशा केंद्रांत काढली, त्यामुळे तपासणीचा दिवस आतून पाहिला आहे. तारीख आधीच कळलेली असते. आदल्या दिवशी चादरी बदलल्या जातात, रजेवरच्या सेविकांना बोलावून घेतलं जातं, फायली लावून ठेवल्या जातात. निरीक्षक येतात, अग्निशामक सिलिंडरवरची तारीख पाहतात, परवाने पाहतात, खोल्या मोजतात. हे पाहायलाच हवं. जिथे निम्मी माणसं स्वतःच्या पायावर उभी राहू शकत नाहीत, तिथे आगीचा विचार आधी व्हायला हवा. पण चादर उचलून माणसाची पाठ कोणी पाहत नाही.

एका केंद्रात सकाळची पाळी घेताना मी एका आजींचा कूस बदलल्याचा तक्ता हातात घेतला होता. दहा, बारा, दोन, चार, सहा. प्रत्येक रकान्यात उजवी, डावी, पाठ अशा नोंदी, एकाच पेनाने, एकाच तिरप्या अक्षरात, सह्यांसकट. सहाची नोंदही झालेली होती आणि घड्याळात सहा वाजायचे होते. आजींना कुशीवर वळवलं तर खालची चादर ओली, माकडहाडापाशी कातडी लाल. बोटाने दाबलं तरी लाली हटली नाही.

ही बेडसोअरची पहिली पायरी. इथे लक्ष दिलं तर कातडी सावरते. नाही दिलं तर पुढे कातडी सोलवटते, मग जखम चरबीपर्यंत जाते आणि चौथ्या पायरीला स्नायू आणि हाड उघडं पडतं. हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दबून राहिली की तिथला रक्तपुरवठा बंद पडतो, आणि नुकसान व्हायला काही तासही पुरतात. कोणाला धोका आहे हे आधी ओळखता येतं. त्यासाठीची ब्रेडन मोजपट्टी 1987 पासून उपलब्ध आहे : संवेदना, ओलावा, वावर, अंग हलवण्याची ताकद, आहार आणि घर्षण अशा सहा गोष्टींना गुण द्यायचे, जास्तीत जास्त 23, आणि बेरीज 18 किंवा त्याहून कमी आली की सावध व्हायचं. कागद, पेन आणि काही मिनिटं, एवढाच खर्च.

त्या मजल्यावर त्या रात्री दोन सेविका होत्या. खोटी नोंद केली म्हणून मी त्यांना शिक्षा मागत नाही. अंग सोडून दिलेल्या माणसाला न ओढता, न घासता वळवायला दोघी लागतात. म्हणजे त्या दोघी एका खोलीत असताना बाकी सगळा मजला वाऱ्यावर. तेवढ्यात कोणी लघवीला उठतं, बेल वाजवून वाट पाहतं, शेवटी पलंगाचा कठडा ओलांडून उतरायला जातं आणि खुब्याचं हाड मोडून घेतं. कठडा लावला म्हणजे माणूस सुरक्षित, ही समजूत घातक आहे. कठड्यावरून पडणारा जास्त उंचीवरून पडतो, आणि कठडा व गादीच्या फटीत मान अडकून माणसं दगावली आहेत.

मनुष्यबळाची ही उणीव भरून काढायला रात्री गोळी दिली जाते. विस्मरणाच्या आजारातली व्यक्ती ओरडते, फिरते, दार ठोठावते, म्हणून तिला मनोविकारावरचं औषध देऊन गप्प केलं जातं. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने 2005 मध्ये इशारा दिला की डिमेन्शिया असलेल्या वृद्धांमध्ये अशा नव्या पिढीच्या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो. 2008 मध्ये हाच इशारा जुन्या औषधांनाही लागू झाला. काही रुग्णांना ही औषधं खरोखर लागतात, ते डॉक्टरांनी ठरवावं. सेविका कमी आहेत म्हणून ती दिली जात असतील, तर ते माणसाला पलंगाला बांधण्यासारखंच आहे.

अचानक तपासणी जमत नाही, असं आपल्याला सांगितलं जाईल. अमेरिकेत 1987 चा शुश्रूषागृह सुधारणा कायदा आहे. तिथे तपासणी न कळवता होते, दोन तपासण्यांत 15 महिन्यांपेक्षा जास्त अंतर चालत नाही, आणि तारीख फोडणाऱ्याला दंड आहे. काही तपासण्या मुद्दाम सुट्टीच्या दिवशी, पहाटे किंवा संध्याकाळी सुरू केल्या जातात. कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी बांधून किंवा औषधाने गुंगवून ठेवलं जाऊ नये, हा तिथे रहिवाशाचा हक्क आहे. तिथेही सगळं आलबेल नाही, पण सुरुवात कुठून करायची ते त्यावरून कळतं.

म्हणून निरीक्षकाने रात्री आधी हजेरीपट नव्हे, माणसं मोजावीत. खाटांच्या संख्येवरून नव्हे, तर किती जणांना वळवावं, भरवावं, उचलावं लागतं यावरून रात्रीचं मनुष्यबळ ठरावं आणि प्रशिक्षित परिचारिका चोवीस तास हजर असावी. मग निवडक रहिवाशांची पाठ, टाचा, खुबे पाहावेत, त्यांच्या संमतीने आणि आब राखून. कोणाला झोपेची किंवा मनोविकाराची औषधं सुरू आहेत, कोणी आणि का लिहून दिली, ते पाहावं. न्हाणीघरातला गरम पाण्याचा नळ सोडून तापमान घ्यावं : 60 अंशांच्या पाण्याने पाचेक सेकंदांत खोलवर भाजतं, आणि बधिर झालेल्या पायाला ते कळतही नाही. केंद्रात आल्यानंतर झालेले बेडसोअर, पडण्याच्या घटना आणि रात्रीचं मनुष्यबळ केंद्रनिहाय जाहीर व्हावं. आज घरच्यांना निवड करताना स्वागतकक्षातल्या सोफ्यापलीकडे काही दिसत नाही.

केंद्रचालक म्हणतील, माणसं मिळत नाहीत. ही अडचण खरी आहे. अंगमेहनतीचं, घाणीचं, रात्रपाळीचं काम इतक्या तुटपुंज्या पगारावर कोणी का टिकून करावं? तेव्हा सेविकांचं किमान वेतन आणि प्रशिक्षण याच निकषांत लिहा. जिथे शासन अनुदान देतं तिथे ते याच्याशी जोडा. नाहीतर नवे निकष आले की फक्त नवे तक्ते भरले जातील.

शेवटचं, तक्रारीबद्दल. आईला इथेच ठेवायचं आहे, उगाच आवाज कशाला, म्हणून मुलं गप्प राहतात. नोकरी जाईल म्हणून परिचारिका गप्प राहते. तक्रार थेट आपल्या विभागाकडे यावी, तक्रारदाराचं नाव केंद्राला कळू नये, आणि तक्रारीनंतर रहिवाशाला काढून टाकणं हा गुन्हा ठरावा. नातेवाइकांना कोणत्याही वेळी, रात्रीसुद्धा, आपल्या माणसापाशी जाता यावं. रहिवाशाची ना नसेल, तर भेटीवर वेळेचं बंधन घालणाऱ्या केंद्राला त्याचं कारण लेखी द्यायला लावा.

आपली,
एक परिचारिका