जुनं लेबल न काढणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुम्हाला कुणी वाचून दाखवलं, तर मान हलवून तुम्ही कॉफी ओतायला उठाल, हे ठाऊक आहे. फिनलंडच्या जंगलात आमच्या सापळ्यांत सापडलेले भुंगेरे तुम्ही ओळखून दिलेत, त्याबद्दल समोरासमोर आभार मानू दिले नाहीत, म्हणून मराठीत आणि चारचौघांत मानते. नाव घालायचं नाही ही तुमची अट पाळली आहे.

वाचणाऱ्यांसाठी दोन शब्द. फिनलंडच्या जंगलात 4,000 ते 5,000 प्रजाती मेलेल्या लाकडावर अवलंबून आहेत, म्हणजे तिथल्या दर चार-पाच प्रजातींमागे एक. दक्षिणेकडच्या जुन्या, हात न लागलेल्या जंगलात हेक्टरी 60 ते 120 घनमीटर मृत लाकूड पडलेलं असतं. तोड करून पुन्हा लावलेल्या जंगलात बहुधा 10 सुद्धा भरत नाही. अशा ठिकाणी कोणता भुंगेरा सापडला यावरून जंगलाची किंमत ठरते. नाव चुकलं की किंमतही चुकते.

काका, तुमचं पहिलं पत्र म्हणजे नुसते प्रश्न होते. सापळा कोणत्या झाडाला? ते झाड उभं की पडलेलं? द्रावण कोणतं? बाटल्या किती आठवड्यांनी बदलल्या? तुमच्याआधी ज्या प्रयोगशाळेला पैसे मोजून हेच काम दिलं होतं, तिने दोनच गोष्टी विचारल्या होत्या: किड्यांच्या नळ्या किती, आणि बिल कोणाच्या नावे.

तुमच्या प्रश्नांत केवढं शहाणपण होतं, ते हे काम करणाऱ्याला कळेल. खिडकी-सापळा म्हणजे एकमेकांना छेदणाऱ्या दोन पारदर्शक अ‍ॅक्रिलिक पट्ट्या, साधारण 40 बाय 60 सेंटिमीटरच्या, खाली नरसाळं आणि बाटली. उडता भुंगेरा पट्टीवर आदळतो आणि खाली पडतो. बाटलीत अर्धं पाणी, अर्धं प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, म्हणजे पृष्ठताण मोडतो आणि बारीक किडे बुडतात. गाडीतलं एथिलीन ग्लायकॉल स्वस्त पडतं, पण ते गोड आणि विषारी, जंगलातल्या जनावरांनी प्यायलं तर मरतील. अल्कोहोल वापरलं तर ते उडून जातं, शिवाय त्याच्या वासाने ट्रायपोडेंड्रॉन लिनिएटमसारखे लाकूड पोखरणारे भुंगेरे लांबून येतात आणि मोजणी फुगते. पावसाने बाटली भरली की हलके किडे काठावरून वाहून जातात, म्हणून काठाखाली बारीक जाळी लावलेलं भोक हवं. सापळे मेमध्ये बर्फ वितळताच लागले नाहीत तर सालीत राहणारे लवकर उडणारे भुंगेरे हुकतात, आणि त्या वर्षाची यादी अर्धवटच राहते. यातलं काहीही माहीत नसताना नुसती नळी बघून नाव देणं म्हणजे पत्ता न बघता पत्र टाकणं.

त्या प्रयोगशाळेच्या यादीत एकही प्रश्नचिन्ह नव्हतं. आथेटा या बारीक भुंगेऱ्यांच्या वंशातल्या माद्यांनाही प्रजातीचं नाव होतं! ज्या वंशात भले भले नराचं जननांग काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरल्याशिवाय तोंड उघडत नाहीत, तिथे यांनी बाहेरून बघून सगळं उरकलं. एप्युरिया वंशाचं तेच, क्रिप्टोफॅगस वंशाचंही तेच. यादी इतकी नीटनेटकी होती की तेव्हाच कुणाला तरी शंका यायला हवी होती.

आणि त्या यादीतलं मुकुटमणी होतं पिथो कोल्वेन्सिस. युरोपीय संघाच्या अधिवास निर्देशात, म्हणजे निसर्ग जपण्याच्या कायद्यात, नाव असलेला, दुर्मीळ, स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या जुन्या दलदलीच्या जंगलाचा भुंगेरा. पडलेल्या जाड स्प्रूसच्या सालीखाली त्याच्या अळ्या वर्षानुवर्षं वाढतात. एक ओंडका कुजून निकामी होईपर्यंत शेजारी दुसरा पडलेला असावा लागतो, म्हणून जिथे लाकूड अखंड पडत राहिलं तिथेच तो टिकतो. 2000 साली सीतोनेन आणि सारिस्तो या संशोधकांनी त्याच्या या गरजा तपशिलाने मांडल्या. असा भुंगेरा मिळाला म्हणजे जंगल वाचवायला हातात शस्त्र आलं.

तुम्ही ते शस्त्र काढून घेतलंत. तो पिथो डिप्रेसस होता, त्याच्या घराण्यातला सर्वसामान्य, पाइनवर नेहमी आढळणारा. याच्या पंखांचा रंग पिवळट तपकिरीपासून निळ्या-काळ्यापर्यंत काहीही असतो आणि हा गडद निघाला, एवढंच. सापळा पाइनच्या खोडावर होता, आसपास दलदलीचा पत्ता नव्हता. सालीखाली अळी शोधली तर खरं काय ते कळेल, सापळा फक्त कोण उडत गेलं ते सांगतो, असंही तुम्ही लिहिलंत.

पण आभार याबद्दल नाहीत. नाव दुरुस्त करणारे पुष्कळ भेटतात. टाचणीवर तुम्ही काय ठेवलंत, त्याबद्दल आहेत.

वर कार्डावर चिकटवलेला भुंगेरा. त्याखाली ठिकाण, अक्षांश-रेखांश, तारीख, झाडाची जात. त्याखाली त्या प्रयोगशाळेचं चुकीच्या नावाचं लेबल, जसंच्या तसं. आणि सगळ्यात खाली तुमचं: पिथो डिप्रेसस, ओळखणाऱ्याचं नाव, साल. जुनं लेबल तुम्ही काढलं नाहीत, खोडलं नाहीत, त्यावर काही खरडलंही नाहीत. शिस्त म्हणाल तर ही प्रत्येक संग्रहालयाची आहे. चुकीचं नाव एकदा कुठल्या तक्त्यात गेलं की ते फिरत राहतं, आणि तोच किडा पुन्हा हुडकायचा तर जुनं लेबल जागेवर हवं. शिवाय दुसरा ओळखणाराही चुकू शकतो. पण शिस्त माहीत असणं वेगळं आणि चिमट्याच्या टोकाशी चूक दिसत असताना ती पाळणं वेगळं. तुम्हाला त्या लोकांचा रागही यायला हवा होता, कारण त्यांनी पैसे घेतले होते आणि तुम्ही पोस्टाचाही खर्च घेतला नव्हता.

ज्यांचं नाव ठरवता आलं नाही त्यांच्यापुढे तुम्ही सरळ 'आथेटा, मादी' लिहून सोडून दिलंत. ज्या नळ्यांवर लेबल बाहेरून चिकटवलं होतं आणि सांडलेल्या अल्कोहोलने शाई पुसली गेली होती, त्या वेगळ्या बांधून 'ठिकाण अज्ञात' म्हणून परत दिल्यात. अंदाजाने जोडून टाकल्या असत्यात तर कुणाला कळलंही नसतं. उरलेल्या प्रत्येक नळीत तुम्ही जाड, आम्लमुक्त कागदावर पेन्सिलीने लिहिलेलं लेबल आत घातलंत, कारण लेझर प्रिंटरची अक्षरं अल्कोहोलमध्ये सुटी होऊन तळाशी बसतात आणि बॉलपेनची शाई विरघळते. पेन्सिल मात्र टिकते. सह्याद्रीत किडे गोळा करणाऱ्या आमच्या मुलांनी हे भिंतीवर लिहून ठेवावं, तिथे तर पावसाळ्यात कागदावर बुरशीही येते.

तुमच्यासारखी माणसं नोकरीत दुसरंच काहीतरी करतात आणि संध्याकाळी सूक्ष्मदर्शकाशी बसतात. 2019 सालच्या फिनलंडच्या लाल यादीत, म्हणजे कोणती प्रजाती किती धोक्यात आहे ते सांगणाऱ्या यादीत, 22,418 प्रजातींचं मूल्यमापन झालं, त्यातलं बरंचसं ज्ञान अशा हौशी लोकांकडून आलं. 'सरळ डीएनए करा, आता जाणकार कशाला' असं सुचवणारेही भेटले. डीएनएने पुष्कळ कळतं, पण संदर्भसंग्रहातल्या नमुन्याचं नाव आधी कुणीतरी बरोबर ठेवलेलं असावं लागतं, आणि किती किडे होते हे तर त्यातून नीट कळतच नाही.

काका, टपालखर्चाचं पाकीट तुम्ही परत पाठवलंत. त्याऐवजी तीन नंबरच्या स्टीलच्या टाचण्या आणि कार्डांचं पुडकं पाठवते आहे, ते तरी ठेवून घ्या.

कळावे, लोभ असावा.

आपली,
पेट्या सांभाळणारी