नव्या रचनेला दुसरा प्रयोगही मिळावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नव्या, प्रायोगिक संगीताच्या महोत्सवांचे जे वृत्तान्त छापून येतात, त्यांत यंदा किती रचना जगात प्रथमच वाजल्या याचा आकडा हमखास ठळकपणे दिलेला असतो. त्यांपैकी पुढे किती रचना पुन्हा वाजल्या, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. माझ्या मते या महोत्सवांचे मोल ठरवताना तोच प्रश्न आधी विचारला पाहिजे.

वाद्यवृंदासाठी लिहिलेल्या नव्या रचनेची स्थिती काय असते ते पाहावे. संगीतकाराने तिच्यावर महिनोन्‌महिने खर्च केलेले असतात, पण तालमींना मिळतात मोजके दिवस. व्हायोलिनवादकाला कुठे घोडीच्या (तारा पेलणाऱ्या लाकडी पट्टीच्या) पलीकडच्या तारांवर गज फिरवायचा असतो, तर क्लॅरिनेटवादकाला एकाच फुंकरीत दोन-तीन स्वर काढायचे असतात आणि शेजारचा भलत्याच लयीत चाललेला असतो. अशा पहिल्या प्रयोगात वादकांचे निम्मे लक्ष मात्रा मोजण्यातच जाते. रचना हातात बसू लागते न लागते तोच कार्यक्रम संपतो आणि स्वरलिपीची पाने प्रकाशकाकडे परत जातात. श्रोत्याचेही तेच होते. आपण काय ऐकले हे पुरते उमगायच्या आत पुढची अनोळखी रचना सुरू झालेली असते.

या अडचणीवरचा उपाय नवा नाही. ऑस्ट्रियन संगीतकार आर्नोल्ड शोनबर्ग यांनी १९१८ मध्ये व्हिएन्नात खासगी संगीतप्रयोगांसाठी जी संस्था काढली, तिचा भर कसून केलेल्या तालमींवर आणि एकच रचना पुन्हा पुन्हा ऐकवण्यावर होता. टाळ्यांना तेथे बंदी होती आणि समीक्षकांना प्रवेश नव्हता (हे आपल्या समीक्षकांना रुचणार नाही, पण त्यामागचा हेतू समजण्यासारखा आहे). संस्था १९२१ च्या अखेरीस बंद पडली, तोवर १५४ रचनांचे ३५३ प्रयोग झाले होते, म्हणजे प्रत्येक रचनेला सरासरी दोनांहून अधिक.

त्याच १९२१ साली जर्मनीतील डोनाउएशिंगेन या छोट्या गावात नव्या संगीताचा जो महोत्सव सुरू झाला, तो आजही भरतो आणि प्रथम प्रयोगांसाठीच ओळखला जातो. तेथे ऑक्टोबर १९६१ मध्ये संगीतकार ग्यॉर्गी लिगेटी यांची 'आत्मोस्फेर' ही रचना हान्स रोसबाउट यांच्या संचालनाखाली प्रथम वाजली. तिच्यात ठेका नाही, गुणगुणता येईल अशी चालही नाही. आरंभीच सुमारे पाच सप्तकांच्या पट्ट्यातले जवळजवळ सगळे स्वर एकदम, अगदी हळू आवाजात उमटतात आणि मग त्या ढगाचा रंग पालटत जातो. श्रोत्यांनी 'वन्स मोअर' दिला आणि जेमतेम नऊ मिनिटांची ती रचना लगेच पुन्हा वाजवली गेली. अवघड संगीत लोकांना दोनदा ऐकवू नये, असे म्हणणाऱ्या संयोजकांनी हा प्रसंग आठवावा.

उत्स्फूर्त वादनाचे काय, असा आक्षेप येईल. ते तर पुन्हा जसेच्या तसे वाजूच शकत नाही. तेथे पुनरावृत्तीचे काम निराळ्या रीतीने साधता येते. इंग्लिश गिटारवादक डेरेक बेली यांनी १९७७ पासून भरवलेल्या 'कंपनी वीक'मध्ये बरेच वादक काही दिवस एकत्र जमत आणि दर वेळी नव्या जोड्या, नवी त्रिकुटे करून वाजवत. तोच वादक आज एका सोबत्याशी तर उद्या दुसऱ्याशी कसा बोलतो हे ऐकल्यावर त्याची स्वतःची भाषा कानाला ओळखीची होते. एका संध्याकाळी पाच अपरिचित संच अर्धा-अर्धा तास वाजवून निघून गेले, तर हे घडत नाही.

ध्वनिमुद्रण उपलब्ध असते, हे खरे. पण वादकांना तीन गटांत विभागून श्रोत्यांच्या भोवती बसवलेली रचना दोन स्पीकरांतून ऐकली, तर तिचा निम्मा आशय गळून पडतो. शिवाय वादकांना ती अधिक चांगली वाजवण्याची संधी ध्वनिमुद्रणातून मिळत नाही. खरी अडचण पैशाची आहे. नवी रचना लिहवून घेण्यासाठी अनुदान मिळते आणि प्रथम प्रयोगाची बातमी होते, तर दुसऱ्या प्रयोगाच्या वाट्याला दोन्ही येत नाही.

म्हणून संयोजकांनी दोन-तीन महोत्सव मिळून एकच रचना लिहवून घ्यावी आणि प्रत्येक ठिकाणचा प्रयोग करारातच नोंदवावा. छोटी रचना मध्यंतराच्या आधी आणि नंतर अशी दोनदा वाजवायला तर जादा तालीमही लागत नाही. आणि आपल्या दैनिकाने यापुढे अशा महोत्सवाचा वृत्तान्त छापताना मागील वर्षीच्या रचनांपैकी कोणत्या पुन्हा वाजल्या, हेही एका ओळीत नोंदवावे, ही विनंती.

आपला,
एक श्रोता