विषय: डब्यावरचे ५२५ पट आणि आत निघालेले आयपीस

कस्टमर केअर,
नमस्कार.

तुमची ७० एमएमची बिगिनर दुर्बीण घेतली, फोकल लेंग्थ ७०० एमएम. आधीच सांगते, पुढच्या मोठ्या लेन्सबद्दल माझं काहीच म्हणणं नाही, ती चांगली आहे. तक्रार आहे ती सोबतच्या आयपीसची (डोळा लावायच्या भिंगांची) आणि डब्यावर ठळक छापलेल्या ५२५ पटांची.

हा आकडा काढलाय कसा तर फोकल लेंग्थ ७०० भागिले आयपीसचे ४ एमएम म्हणजे १७५, त्याला तुमचं ३ एक्स बार्लो (पट तिप्पट करणारं जादा भिंग) लावलं की झाले ५२५. हिशोब बरोबर आहे हो, पण ७० एमएमच्या लेन्सला एमएममागे साधारण दोन पट धरले तर १४० पटांच्या पुढे नवीन काही दिसतच नाही, तेही हवा स्थिर असेल तेव्हा. म्हणजे तुमचा ४ एमएमचा आयपीस बार्लो न लावताच हद्द ओलांडून बसलाय! बार्लो लावून गुरू बघितला तर नुसता पिवळट डाग, फोकसच्या नॉबला बोट लावलं की सगळं थरथरतं आणि ते थांबेपर्यंत गुरू निघून गेलेला असतो.

या ४ एमएमच्या आयपीसवर एसआर ४ लिहिलंय, एसआर हा आयपीसचा एक साधा प्रकार. त्याची डोळ्याकडची काच जेमतेम मसुरीच्या दाण्याएवढी, पापण्या काचेला घासतात तेव्हा कुठे काहीतरी दिसतं, चष्मेवाल्यांनी तर नादच सोडावा. दुसरा एच २० म्हणजे २० एमएमचा, तो ३५ पट देतो आणि खरं सांगायचं तर डब्यातला कामाचा आयपीस तोच, चंद्राचे खड्डे, गुरूचे चार चंद्र व्यवस्थित दिसतात, फक्त फील्ड, म्हणजे एका वेळी दिसणारा आकाशाचा तुकडा, अरुंद आहे. (एच म्हणजे हायगेन्स, शनीभोवती कडं आहे हे १६५९ मध्ये सांगणारा तोच. त्याचं १७ व्या शतकातलं डिझाइन तुमच्या एसआरपेक्षा बरं चालतंय.)

तुम्हाला मेल केला तर उत्तर आलं, "कृपया फोकस नीट करून बघा." फोकस नीटच आहे. ओळखीतल्या एकाकडचा १० एमएमचा साधा प्लॉसल (आयपीसचाच एक प्रकार) याच दुर्बिणीला लावला, त्याची नळी सव्वा इंची असल्याने लगेच बसला, तर ७० पटांत गुरूचे दोन पट्टे वेगवेगळे दिसले. त्यामुळे दोष कुठे आहे ते आता मला विचारू नका.

तर एसआर ४ आणि बार्लो दोन्ही परत घ्या आणि त्याऐवजी १० एमएमचा एकच प्लॉसल द्या, मला दोन-तीन नग नकोत, एक धड हवा. आणि ते ५२५ डब्यावरून काढा, कारण पहिल्यांदाच दुर्बीण घेणारा माणूस तो आकडा बघूनच घेतो, घरी येऊन सगळ्यात छोटा आयपीस आधी लावतो, काही दिसत नाही म्हणून दुर्बीण माळ्यावर टाकतो. मॅन्युअलमध्ये "सुरुवात २० एमएमने करा" एवढी एक ओळ तरी टाका, तीसुद्धा नाहीये.

ऑर्डरचे डिटेल्स आणि दोन्ही आयपीसचे फोटो सोबत जोडलेत. बदलून देणार की नाही तेवढं स्पष्ट कळवा, फोकसबद्दल परत लिहू नका.

तुमची एक ग्राहक