'नको' म्हणणाऱ्यांची यादी आधी मागितलीत, ताई

ताई,

हे पत्र लिहायला उशीर झालाय, पण दिवाळी अंकांची पार्सलं निघेपर्यंत श्वास घ्यायला फुरसत नव्हती, आणि तुम्हाला व्हॉट्सअॅपवर दोन ओळी आणि हात जोडल्याचं चित्र पाठवून विषय संपवणं मला जमण्यातलं नव्हतं. सगळ्यांसमोर लिहितेय कारण आमच्यासारखी छोटी दुकानं चालवणारे कितीतरी जण आत्ता हेच काम करतायत, सीआरएममधला, म्हणजे गिऱ्हाइकांच्या नोंदी ठेवायच्या सॉफ्टवेअरमधला, डेटा उचलायचा आणि ईमेल मार्केटिंगच्या प्लॅटफॉर्मवर न्यायचा, आणि तुम्ही मला जे दाखवलंत ते त्यांनाही कळावं असं मनापासून वाटतं.

आमचं साताऱ्यात पुस्तकांचं दुकान, अण्णांनी सुरू केलेलं. दिवाळी अंकांच्या संचांचं बुकिंग गणपतीच्या सुमाराला सुरू होतं, गिऱ्हाईक पुण्यामुंबईपासून जर्मनी अमेरिकेपर्यंत पसरलंय, आणि अण्णांच्या वह्यांमधली सगळी नावं आम्ही काही वर्षांपूर्वी झोहो सीआरएममध्ये भरून घेतली होती. ९,४०० च्या आसपास माणसं. यंदा ठरवलं की ऑर्डरी झोहोमध्येच राहू देत पण बुकिंगचे मेल आणि दर महिन्याचं नव्या पुस्तकांचं पत्र मेलचिंप या ईमेल मार्केटिंगच्या प्लॅटफॉर्मवरून जाऊ दे. मग मी झोहोतून एक्सपोर्ट घेतला, म्हणजे सगळी यादी एका सीएसव्ही फाइलमध्ये (स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेल्या साध्या फाइलमध्ये) बाहेर काढली, तिच्यावर डबल क्लिक करून ती एक्सेलमध्ये उघडली, नको वाटले ते कॉलम उडवले, सेव्ह करून तिकडे चढवली आणि पहिल्या ६०० जणांना मेल सोडला. बाकीचे दुसऱ्या दिवशी सकाळी आठला जायला लावून ठेवले होते.

त्या ६०० मध्ये तुम्ही होतात. रात्री साडेनऊला फोन आला, "अगं, मी अंक नेणारी, माहेर राजवाड्याजवळचं. तुझा मेल आलाय आणि त्यात माझं नाव काहीतरी भलतंच छापलंय. उद्याचे लावलेत का अजून? ते आधी थांबव, मग बोलू." तुम्ही हिंजवडीत हेच सीआरएमचं काम करता हे मला तोपर्यंत ठाऊकही नव्हतं. मी थांबवलं. स्क्रीन शेअर केली. आणि त्यानंतरच्या अकरा रात्री तुम्ही ऑफिस आणि घरचं सगळं आवरून माझ्याबरोबर बसलात.

मला वाटलं होतं तुम्ही आधी नावांचा घोळ बघाल. तुमचा पहिला प्रश्न होता, "ज्यांनी नको म्हटलंय त्यांची यादी कुठंय?"

माझ्याकडे नव्हती. झोहोत ईमेल ऑप्ट आउट नावाचा चेकबॉक्स असतो, तो कॉलम मी उडवलेल्या कॉलमांमध्ये होता. तुम्ही शांतपणे समजावलंत की इकडचा 'नको' तिकडे आपोआप जात नाही, दोन सिस्टिम एकमेकींशी बोलत नाहीत, आपण फाइल चढवताना 'सबस्क्राइब्ड' निवडलं की यादीतला प्रत्येक माणूस हो म्हणालाय असंच ते सॉफ्टवेअर धरून चालतं. मग आपण ते 'नको' गोळा करत बसलो. चेकबॉक्समध्ये टिक केलेले होतेच, पण दुकानाच्या इनबॉक्समध्ये "कृपया मेल पाठवू नये" अशी जुनी उत्तरं पडलेली होती, आणि अण्णांच्या शेऱ्यांमध्ये "मेल बघत नाहीत, पोस्टकार्ड टाकणे" असं होतं, ते सुद्धा तुम्ही 'नको'तच धरायला लावलंत. त्या रात्री ६०० पैकी ज्यांनी अनसबस्क्राइब दाबलं होतं ती नावं आधी काढून घेतलीत, नाहीतर जुनी चुकीची यादी पुसताना ती पण पुसली गेली असती. सगळे मिळून २४१ निघाले. इतर कुणालाही आत घेण्याआधी तुम्ही या २४१ जणांना 'अनसबस्क्राइब्ड' म्हणून इम्पोर्ट करायला लावलंत, कारण एकदा तसं बसलं की पुढच्या एखाद्या फाइलमध्ये ते नाव चुकून आलं तरी ते परत सबस्क्राइब्ड होत नाही. हे मला कुठल्याच व्हिडिओत दिसलं नव्हतं.

कायद्याचंही तुम्ही सांगितलंत, आपल्याकडचा डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन अॅक्ट २०२३ चा, त्यात संमती देणं जितकं सोपं तितकंच ती मागे घेणंही सोपं असलं पाहिजे असं आहे, आणि जर्मनीतल्या गिऱ्हाइकांना २०१८ पासून युरोपचा तसाच कायदा, जीडीपीआर. पण ते तुम्ही नंतर सांगितलंत. आधी म्हणालात, "त्यांनी एकदा सांगितलंय ना, मग परत कशाला सांगायला लावायचं." ज्यांना आधीच नको होतं तरी माझ्यामुळे मेल गेला अशा १४ जणांना अण्णांनी एकेक फोन केला.

आता त्या शेऱ्यांबद्दल. हे मला सगळ्यात जास्त लिहायचंय.

झोहोत डिस्क्रिप्शन नावाचं एक फील्ड असतं, अण्णा त्यात मराठीत काय काय लिहून ठेवायचे, मी ते कधी नीट वाचलंच नव्हतं आणि मेलला त्याचा काय उपयोग म्हणून तो कॉलमही उडवला होता. फील्ड मॅपिंग करताना, म्हणजे इकडचा कुठला कॉलम तिकडे कशात बसवायचा ते ठरवताना, तुम्ही म्हणालात की जे फील्ड टाकून देणार ते आधी एकदा वाचून मगच टाकायचं. वाचायला लागलात आणि तिसऱ्या चौथ्या शेऱ्यालाच थांबलात. लिहिलं होतं, "मार्चमध्ये गेले. काकूंना यंदा विचारू नये." तुम्ही काही बोलला नाहीत थोडा वेळ. मग म्हणालात, "अण्णा जागे आहेत का?"

अण्णा येऊन बसले. तुम्ही फिल्टर लावून 'गेले', 'वारले', 'कै.' असे शब्द शोधत होतात आणि अण्णा प्रत्येक ओळीवर सांगत होते, हे डोंबिवलीचे, मास्तर होते, यांना शब्दकोड्यांचा अंक पहिला लागायचा. हे कराडचे, आजोबा गेले पण नातू घेतो, नातवाच्या नावाने कर. या बाईंचे यजमान गेले पण त्या स्वतः वाचतात, त्यांचंच नाव घाल. असे ४३ जण. 'गेले' लिहिलेले काही नुसते पुण्याला राहायला गेलेलेही होते, म्हणून तुम्ही एकही ओळ सरसकट उडवू दिली नाहीत, एकेक विचारून घेतलंत. रात्रीचे साडेबारा वाजले, अण्णांना इतका वेळ बसवत नाही हल्ली, पण ते उठले नाहीत. मी जे करायला निघाले होते त्यात या ४३ घरांमध्ये गेलेल्या माणसाच्या नावाने सकाळी आठ वाजता 'नमस्कार, यंदाचा संच बुक केलात का' असा मेल गेला असता. तुम्ही शेरे वाचले नसतेत तर मला ते कळलंही नसतं. याचे आभार कसे मानायचे मला अजून सुचत नाही.

बाकी तांत्रिक गोष्टी पण सांगते, त्या कुणाच्या तरी उपयोगी पडतील.

नावं का मोडली ते तुम्ही इतकं छान दाखवलंत की आता मी दुसऱ्याला समजावू शकते. यूटीएफ-८ म्हणजे अक्षरं कॉम्प्युटरमध्ये साठवायची पद्धत, त्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट, म्हणजे साठवणीचे तीन छोटे तुकडे, घेतं, एक्सेलने डबल क्लिकवर फाइल उघडताना ते तीन बाइट म्हणजे तीन वेगळी इंग्रजी चिन्हं समजून घेतली. डोक्यावर तिरकी रेघ असलेला ए, मग चार काटे असलेलं छोटं गोल, मग आणखी काहीतरी. पहिले दोन बाइट जवळपास सगळ्या अक्षरांना सारखे, म्हणून सगळ्यांची नावं सारखीच मोडलेली दिसत होती. आणि मी सेव्ह करताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' निवडलं, त्यामुळे मोडलेलं होतं तेच पक्कं झालं. वरची हजारभर नावं इंग्रजीत भरलेली होती म्हणून माझ्या नजरेला काही आलं नाही. त्यावर तुमचा उपाय साधा, ती फाइल दुरुस्त करत बसायचं नाही, मूळ एक्सपोर्ट नव्याने घ्यायचा, त्याची एक कॉपी हात न लावता बाजूला ठेवायची, आणि एक्सेलमध्ये डेटा टॅबमधून 'फ्रॉम टेक्स्ट' करून आणायची, तिथे ६५००१ हे यूटीएफ-८ चं कोडपेज निवडायचं आणि सगळे कॉलम टेक्स्ट म्हणून घ्यायचे. टेक्स्ट म्हणून घेतल्यावर मोबाइल नंबरही वाचले, नाहीतर ९१ लावलेला बारा आकडी नंबर एक्सेल ९.१९ ई+११ असा करून टाकतो आणि सीएसव्हीत तसाच सेव्ह झाला की शेवटचे आकडे गेलेच.

तारखांमध्ये तर मी फसलेच असते. आपण ४ सप्टेंबर ०४/०९ लिहितो, माझ्या लॅपटॉपची सेटिंग अमेरिकन, त्याने ९ एप्रिल करून टाकला. पण १९/०९ त्याला कळला नाही म्हणून तो तसाच राहिला. म्हणजे एकाच कॉलममध्ये निम्म्या तारखा उलट्या आणि निम्म्या सरळ, वरवर बघून सगळं ठीक वाटतं. वर्ष, महिना, दिवस अशा क्रमाने सगळ्या करून घेतल्यात तेव्हा कुठे गेल्या दिवाळीत कुणी घेतलं आणि कुणी नाही हे नीट कळलं.

आणि तुमच्या आडनावातला तो ऱ! एकाच घराची दोन दोन नावं का येतायत ते आपण शोधत होतो, दिसायला अगदी सारखं आडनाव, पण एक्सेल म्हणतंय वेगळं. मग तुम्ही उलगडून दाखवलंत की ऱ एकच कोड म्हणून टाइप होतो, नाहीतर र आणि खाली नुक्ता असे दोन कोड मिळून होतो, आणि ऱ्ह, ऱ्य लिहिताना काही कीबोर्ड र, हलन्त आणि एक न दिसणारा जॉइनर टाकतात. स्क्रीनवर तिन्ही सारखे. पहिले दोन युनिकोड नॉर्मलायझेशनने, म्हणजे एकाच अक्षराचे वेगवेगळे कोड एकसारखे करून घेतले की, एक होतात, तिसरा मात्र शोधून बदलावा लागतो. साताऱ्यातल्या दुकानाला ऱ टाळून कसं चालेल, आमच्याकडे तो पत्त्यांमध्येही होता, आडनावांमध्येही.

डोमेनचं काम, म्हणजे मेल खरंच आपल्याच दुकानाकडून आलाय हे समोरच्याला पडताळता यावं याची सोय, एका संध्याकाळी झालं, डीएनएसमध्ये (डोमेनच्या नोंदींमध्ये) डीकेआयएमसाठी दोन सीनेम रेकॉर्ड आणि डीमार्कचा एक टेक्स्ट रेकॉर्ड. गुगल आणि याहूने फेब्रुवारी २०२४ पासून नियम कडक केलेत, जीमेलला दिवसाला ५,००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांना तर एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या तिन्ही पडताळण्या लागतात, एका क्लिकवर अनसबस्क्राइब द्यावं लागतं आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवाव्या लागतात. आपण तेवढे पाठवत नाही, तरी तुम्ही सगळं करूनच घेतलंत.

मला आवडली ती तुमची दहा ओळींची फाइल. अख्खी यादी चढवण्याआधी तुम्ही मुद्दाम अवघड दहा ओळी निवडल्यात. सगळ्यात लांब नाव, ऱ असलेलं, आडनाव नसलेलं, नावात स्वल्पविराम असलेलं, जर्मनीचा पत्ता, १९ तारखेचं आणि ४ तारखेचं. ईमेलच्या जागी आपले, अण्णांचे आणि शेजारच्यांचे पत्ते टाकून खरा मेल पाठवला आणि प्रत्येकाच्या फोनवर उघडून पाहिला. अण्णांच्या फोनवर 'नमस्कार' पुढे नीट मराठीत नाव दिसलं तेव्हा ते मोठ्याने वाचून दाखवलं त्यांनी.

मग शेवटच्या रात्री ती मोजणी. फाइलमधल्या ओळी किती, आत किती गेल्या, अनसबस्क्राइब्ड किती, दुबार म्हणून वगळल्या किती, ईमेलच नाही अशा किती. बेरीज सातने कमी येत होती आणि तुम्ही ती तशी सोडायला तयार नव्हतात. जीमेल डॉट कॉमच्या जागी डॉट कॉन लिहिलेले सात निघाले. अण्णा म्हणाले, आम्ही गल्ला असाच जुळवायचो, रुपया कमी असला तरी शटर ओढायचं नाही. तुम्हाला त्यांनी याहून मोठी शाबासकी दिलेली नाही, आणि मी लहानपणापासून बघतेय, ते सहसा कुणाला देत नाहीत.

पहिला मेल फक्त गेल्या दिवाळीत घेतलेल्या २०० जणांना गेला, मग हळूहळू वाढवत नेलं. डोंबिवलीच्या काकूंना आपण काही पाठवलं नव्हतं. गणपती झाल्यावर त्यांचाच दुकानात फोन आला, म्हणाल्या, यंदा माझ्या नावाने पाठवा, आणि शब्दकोड्यांचा अंक असू दे.

तुम्ही पैसे घ्यायला नाही म्हणालात, दोनदा विचारलं तरी. तुमचा संच मी बाकीच्या पार्सलांबरोबर पाठवला नाही, भाऊबीजेला माहेरी येणार आहात म्हणून दुकानातच ठेवलाय. वरचं नाव प्रिंट काढून चिकटवू दिलं नाही अण्णांनी, स्केचपेनने स्वतः लिहिलंय, ऱ ची ती आडवी वळणदार रेघ चांगली ठसठशीत काढून. येताना मुलांनाही घेऊन या, चहा घेतल्याशिवाय सोडणार नाही.

तुमची,
साताऱ्याच्या दुकानातली